रविवारची एक वस्तू

कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाल्यावर शेजारच्या काकांनी घर रिकामं करायला काढलं, पण दर रविवारी एकच वस्तू. ती खांद्यावरच्या दुपट्ट्यानं लख्ख पुसून ते आमच्या दारात उभे राहत. कधी कंदील, कधी डांबरगोळ्यांच्या वासाचा लोकरी कोट.

“सूनबाई, हे ठेवून घेजो. एकट्या माणसाले एवढं कायले पाह्यजे?”

बसा म्हटलं, की घरी खूप काम आहे म्हणत. चहा तर कधीच घेतला नाही. उंबऱ्यावरूनच परत जात. आमचं घर भरत चाललं म्हणून मी धुसफुसायची. काकांना भंगारवाला दिसत नाही का, असं नवऱ्यापाशी म्हणायची. त्यांच्यासमोर मात्र नाही म्हणायला जीभ रेटत नसे.

मग एका रविवारी ते वेताची खुर्ची डोक्यावर घेऊन आले. त्यांच्याकडे बसायला तेवढीच उरली होती. मी हात पुढे केला, तर त्यांनी ती दिली नाही. ओसरीत भिंतीशी नीट ठेवली, दुपट्ट्यानं पुसली आणि स्वतःच तिच्यावर बसले.

“आता घरी काईच काम नाई राह्यलं,” ते म्हणाले. “चहा टाकजो, सूनबाई.”