हिंचक्यावरून उतरताना

पालीची भीती मला कधी वाटली नाही, भुताची नाही, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांची तर मुळीच नाही. पण सत्तरी उलटल्यावर मला एका हिंचक्याची भीती वाटायला लागली. हसायचं असेल तर खुशाल हसा. दुसऱ्या कुणाची ही गोष्ट असती तर मीही हसले असते.

हिंचका म्हणजे झोपाळा. आम्ही बडोदेकर आमच्या शुद्ध मराठीचा तोरा मिरवतो, पण झोपाळ्याला झोपाळा म्हणायला काही आमची जीभ वळत नाही. हे गेले आणि वर्षश्राद्ध झाल्यावर मुलाने मला जुन्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातून नव्या वस्तीत, गोत्रीला, त्याच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. माझ्यासाठी बाल्कनीत खास हिंचका टांगला. सागवानी पाट, पितळी सळ्या, वर मऊ गादी. "आई, आता तू नुसतं बसायचं," तो म्हणाला. मी बसले.

दांडिया बाजारात बसायला फुरसत कुणाला होती? तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोल्या, लिफ्ट नाही. दुधाला उतरा, भाजीला उतरा, देवळात जायला उतरा, आणि वर आल्यावर कोथिंबीर राहिली म्हणून पुन्हा उतरा. शिवाय नोकरी होती तोवर मराठी शाळेत दिवसभर उभं राहून शिकवणं. जेवणं झाली की यांच्याबरोबर सूरसागर तळ्याला एक चक्कर. हे पुढे, मी मागे, आणि "अहो, जरा हळू चाला" हे माझं रोजचं पालुपद. व्यायाम हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. तो तालमीत जाणाऱ्यांचा शब्द होता.

हे गेल्यावर ती चक्कर थांबली. एकटीने जायला कुणी बंदी केली नव्हती. पण हळू चाला म्हणून सांगायचं कुणाला?

गोत्रीत तर सगळं दारात येऊन पडायचं. भाजी दारात, दूध दारात, पूजेची फुलंसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत कडीला लटकलेली. मी जेवणाचं ताट उचललं की सून धावत यायची. "आई, ठेवा ते. तुम्ही आयुष्यभर खूप केलंत." पोरगी गुणाची. सासूला बसवून खायला घालणं म्हणजे पुण्य, हे आपल्याकडे मुलींना लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि तिने ते मनावर घेतलं होतं. शेजारच्या गुजराती बाई बाल्कनीतून मला बघून म्हणायच्या, "बा, तमारे तो जलसा छे!" मजा आहे म्हणे माझी. मीही हसून "जलसा, जलसा" म्हणायचे.

एका सकाळी मी उतरायला गेले. पाय टेकवले, अंग पुढे झुकवलं, आणि पाट माझ्याखालून मागे सरकला. गुडघ्यांनी दगा दिला. मी दोन्ही हातांनी सळ्यांना लोंबकळत राहिले. खाली फरशी दिसत होती, चकचकीत. कशीबशी मागे ओढली गेले आणि पुन्हा पाटावर बसले. कुणी पाहिलं नव्हतं. छाती इतकी धडधडत होती की शेजारणीला ऐकू जाईल असं वाटलं.

त्या दिवसापासून मी एकटीने उतरले नाही. सून चहा घेऊन आली की हात पुढे करायचे. "जरा हात दे गं, पायाला मुंग्या आल्यात." रोज मुंग्या. तीही बिचारी रोज हात द्यायची. घरात कुणी नसेल तेव्हा बाथरूमला जायची वेळ येऊ नये म्हणून मी पाणी पिणं कमी केलं. चहा कुंडीतल्या तुळशीच्या शेजारच्या कोरफडीला घातला. तुळशीला घालवेना. आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला सून कौतुकाने सांगायची, "आईंना हिंचका फार आवडतो. उठतच नाहीत."

मग खरं का सांगितलं नाही? कारण माझ्या सासूबाई मी पाहिल्या होत्या. मोरीत पडल्या त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांचं सगळं मीच केलं. कूस बदलताना त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत, भिंतीकडे बघायच्या. देवा, हातीपायी धड असताना ने, एवढंच मी तेव्हापासून मागत आले. आता सुनेला सांगितलं तर ते सुरू होईल, असं मला वाटायचं. आधी काठी, मग बाई, मग खाट, मग भिंत.

उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा दिवस आला. त्या दिवशी बडोद्यात माणूस घरात सापडत नाही, सगळं गाव गच्चीवर. मुलगा सकाळीच वर गेला होता. सुनेने उंधियूचं पातेलं मंद गॅसवर ठेवलं आणि मला म्हणाली, "आई, तुम्ही उन्हात कशाला येता? इथूनच पतंग बघा. मी तिळगूळ देऊन लगेच येते." मला हिंचक्यावर बसवून ती गेली.

आकाश पतंगांनी भरलं होतं. वर लाउडस्पीकर, आरडाओरडा, थाळ्यांचा ठणठणाट. थोड्या वेळाने उंधियूतल्या मेथीच्या मुठियांचा छान वास आला. मग तो वास कडू झाला. आणि मग स्वयंपाकघराच्या दारातून निळसर धूर बाहेर आला.

मी हाक मारली. मोठ्याने मारली. चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारा माझा आवाज, पण त्या लाउडस्पीकरपुढे त्याचं काय चालणार! फोन आत टेबलावर. धूर वाढत होता, मला खोकला यायला लागला, आणि हाताच्या तळव्यांना इतका घाम सुटला की सळ्या निसटायला लागल्या. मी भ्याले होते. आगीला भ्याले होतेच, पण खरं सांगते, त्याहून जास्त त्या दीड हात खाली असलेल्या फरशीला भ्याले होते.

उभं राहता येणार नाही हे मला ठाऊक होतं. मग मी उभी राहिलेच नाही. पदर कमरेला खोचला, एका सळीला मिठी मारली आणि पाटावरून घसरत खाली आले. धपकन बसले. पाट मागे गेला आणि परत येऊन पाठीत बसला. कळवळले, पण हाडं वाजली नाहीत. मग पूर्वी फरशी पुसताना सरकायचे तशी बसल्याबसल्या सरकत निघाले. बाल्कनीचा उंबरा, मग दिवाणखाना. रोज सुनेच्या हाताला धरून पार करायची तीच जागा, केवढी लांब वाटली! स्वयंपाकघरात डोळे चुरचुरत होते. ओट्यावरच्या बटणापर्यंत हात पोहोचेना. पण सिलिंडर ओट्याखाली होता. मी रेग्युलेटर फिरवला. वरची ज्योत विझल्याचा लहानसा आवाज आला.

त्यानंतर मात्र मला रडू फुटलं. ओट्याची कड धरून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, पुन्हा केला, नाही जमलं.

सून आली ती धुराच्या वासाने धावतच. "अगं बाई, उंधियू!" ती ओरडली, आणि मग तिला खाली बसलेली मी दिसले. ती पांढरीफटक पडली. "आई! पडलात?"

"पडले नाही. उतरले," मी म्हणाले. "मला उठता येत नाही. आज नाही, कधीपासूनच येत नाही. मुंग्याबिंग्या काही नसतात."

ती तशीच माझ्याजवळ फरशीवर बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला हिंचका आवडतो."

"त्याला आग लाव," मी म्हणाले.

हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं. हाडं शाबूत होती. बसून बसून पायांतली ताकद गेली होती. येईल का परत, मी विचारलं. चाललात तर बरीचशी येईल, ते म्हणाले. मुलगा लगेच म्हणाला, दिवसभराची बाई ठेवू. आलीच ती पाळी, असं वाटलं. तेव्हा सून पहिल्यांदाच माझ्यादेखत नवऱ्यावर खेकसली, "बाई नको. बाई यांना पुन्हा बसवून ठेवेल. मी तेच केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवाणखान्यातल्या खुर्चीत चहाची वाट बघत होते. चहा आला नाही. स्वयंपाकघरातून हाक आली, "आई, चहा ओट्यावर ठेवलाय. इथे येऊन घ्यायचा."

मला तिचा राग आला. मग भीती वाटली, तळव्यांना तोच घाम. खुर्चीचे हात धरून मी उठले, बसले, पुन्हा उठले. भिंत धरली, मग फ्रिज धरला. सून ओट्याशी उभी होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून. एक पाऊल पुढे आली नाही. काय दगड आहे, मी मनात म्हणाले.

ओट्यापाशी पोहोचले तेव्हा तिच्या मागच्या कपाटाच्या काचेत मला तिचे हात दिसले. एका हाताने दुसऱ्याचं मनगट तिने करकचून धरून ठेवलं होतं.

चहा गार झाला होता. मी तो उभ्यानेच प्यायले.