फक्कीची खोली

आमच्या अख्ख्या नंदनवन वस्तीत परवानगी घेऊन शिंकणारा माणूस एकच, आणि तो आमच्या घरामागे राहतो. हे आमचे मागचे काका विणकराच्या घरातले. नोकरी कारकुनाची केली, पण सूत सरळ असावं हा हट्ट काही सुटला नाही. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मोजायचा टेप. कपडे वाळवायची दोरी आमच्या सामाईक भिंतीला बांधायची होती, तर त्यांनी मला रीतसर अर्ज दिला. मी "बांधा नं काका" म्हटलं तरी ऐकेनात, सही घेऊनच गेले. आमच्याकडे बारशाला आले तेव्हा बाळ पाहण्याआधी मांडव मोजला, "रस्त्यावर हातभर आला गा" असं सुनावलं आणि मग निवांत जेवायला बसले.

मग उमरेडहून त्यांची मोठी बहीण, माई, कायमची राहायला आली. नवरा गेल्यावर पुतण्यांनी तिला पेटीसकट घराबाहेर काढलं होतं. काकांच्या दोन खोल्यांत आधीच मुलगा, सून, नातवंडं. म्हणून परसात माईसाठी वेगळी खोली काढायचं ठरलं. आमच्या लेआउटमध्ये अशा खोल्या बिनपरवाना, कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवतात. माझीही एक उगवली आहे, थेट कुंपणाला टेकून. काकांनी मात्र नकाशा मंजुरीला टाकला आणि गवंड्याकडून परसात पांढरी फक्की मारून खोली आखून घेतली. नकाशा परत आला: मागे मोकळी जागा कमी सोडली. काकांनी फक्की पुसून भिंत आत घेतली. पुन्हा त्रुटी, पुन्हा फक्की. दोन हिवाळे ती खोली अशी जमिनीवरच होती, दर खेपेला थोडी आकसत. माई दुपारच्या उन्हात तिथेच खाट टाकून बसे. एकदा ती रेघ ओलांडून सरळ आत शिरली, तर काका ओरडले, "माई, भिंतीतून काहून येऊन राहिली वं? दरवाजा तिकडं आहे!" आणि ती म्हातारी खरोखर मागं फिरून दारातून आत आली.

शेवटी मलाच राहवलं नाही. "काका, बांधून टाका नं. माझ्या खोलीले कोणी विचारलं का?"

टेप गुंडाळत ते म्हणाले, "तुले नाही विचारलं. उद्या मले विचारलं, पाडाले आले, तर माझं काय, मी घरात झोपीन. पण तिले दुसऱ्यांदा पेटी घेऊन बाहेर उभं नाही कराचं गा मले."

मी घरी आलो. त्यांची मी इतकी वर्षं केलेली टिंगल त्या दिवशी मला फार लागली.

गेल्या दिवाळीनंतर मंजुरी आली, खोली झाली. खाट टाकली की पेटी खाटेखालीच ढकलावी लागते, एवढीशी. नारळ फोडला, पण माई उंबऱ्याशीच थांबली. "पक्कं नं गा? उठ तर नाही म्हणन नं कोणी मले?" काकांनी शिक्का मारलेला नकाशा तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही. तिनं शिक्क्यावरून बोट फिरवलं, कागद पदराखाली घेतला आणि आत गेली.

हल्ली गल्लीत सरकारी गाडी थांबली की मला माझी कुंपणाला टेकलेली खोली आठवते. मी उठून मागच्या खिडकीशी जातो. समोर माई दार सताड उघडं टाकून झोपलेली असते, कूससुद्धा बदलत नाही.