भातात उभा केलेला चमचा

२००५ साली मी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत नोव्हायला गेले होते. खालच्या घरात माझ्याच वयाच्या एक कोरियन बाई राहायच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी. तरी दुपारी त्या मला हाताने बोलवायच्या आणि आम्ही त्यांच्या देशाचे सिनेमे बघत बसायचो. त्या अख्ख्या गावात मी एकटी जाऊ शकत होते ते तेवढंच घर.

एका सिनेमात एक म्हातारा ओढ्याकाठी बसून नुसता हसत होता. मग तो आजारी पडला, आणि त्याच्या मुलाने बुटक्या टेबलावर फळं, मासे मांडले, भाताच्या वाटीत मधोमध चमचा उभा केला आणि कपाळ जमिनीला टेकवलं. पुढे तो देवळात जाऊन बुद्धासमोर रडला. शेवटी म्हातारा पुन्हा ओढ्याकाठी हसताना दिसला. मला वाटलं, मुलाच्या सेवेने बाप बरा झाला.

पुढच्याच आठवड्यात बाईंचे यजमान हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी आले. मी मऊ भात केला, त्यात मानाने चमचा उभा केला आणि वाटी खाली नेली.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी चमचा उपटला, वाटी परत माझ्या हातात दिली आणि दार लावलं.

लेकीने त्यांना फोन केला. बराच वेळ नुसतं ‘सॉरी, सॉरी’ चाललं होतं. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

“आई, सिनेमातला तो बाप मेलेला होता गं! तसा चमचा मेलेल्या माणसाच्या भातात उभा करतात. तू काकांना जिवंतपणी पिंड वाढून आलीस.”

“मग शेवटी हसत कसा होता तो?”

“पितरांपुढे वाकणं हे कन्फ्यूशियसचं, देऊळ बुद्धाचं, आणि ओढ्याकाठी हसत बसणं ताओवाल्यांचं. मेल्यावर डोंगर-पाण्यात मिसळून गेला, असं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे सगळं मिक्स असतं.”

“रागावल्यात?”

“घाबरल्यात. उद्या काकांचं चेकअप आहे.”

आमच्या घरी आजारी माणसापुढे कुणी पिंड आणून ठेवला असता, तर मी त्या बाईला पुन्हा दारात उभं केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी गेली, तेव्हापासून मी खिडकीत बसले.

“दोन घास खाऊन घे ना.”

“ते येऊ देत आधी.”

तीन वाजता गाडी आली. बाई एकट्याच उतरल्या. दुसरं दार उघडेना. मग एक काठी बाहेर आली, आणि काठीमागून ते.

मी तशीच जिना उतरले. घंटी वाजवली. बाईंनी दार उघडून आधी माझ्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे दिसले, तेव्हा त्या बाजूला सरकल्या आणि मला आत येऊ दिलं.