एकूण हिस्सा शंभर असणे आवश्यक

लिहिणे हा माझा प्रांत नव्हे, आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यात पाऊल टाकणे हे आगाऊपणाचेच आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. आयुष्यभर मी फळ्यावर जे लिहिले ते तास संपताच पुसले गेले, आणि त्यातच माझे भले होते. या पहिल्या प्रयत्नाबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. एरवी मी हे धाडस केले नसते. परंतु गेले काही महिने एक किळस माझ्या घशाशी येऊन बसली आहे. ती बोलून टाकावी इतके धैर्य माझ्यात पूर्वीही नव्हते, आजही नाही. म्हणून हा कागद.

आम्ही तीन भावंडे. थोरले बंधू कन्नडजवळ शेती पाहतात. त्यांना आम्ही दादा म्हणतो. मधला मी, संभाजीनगरातल्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. धाकटी बहीण नवरा अकाली गेल्यावर आईकडे परत आली आणि हडको वसाहतीतल्या आईच्या दोन खोल्यांच्या घरात राहू लागली. आईची शेवटची अकरा वर्षे तिनेच काढली. अर्धांगवायूने पडलेल्या आईला कुशीवर वळवणे, पुसणे, भरवणे, आणि इतके करून तिची चिडचिड ऐकून घेणे. मी रविवारी जात असे. जाताना केळी नेत असे.

आई गेली. वडील पूर्वीच गेले होते. घर तिच्या नावावर होते, मृत्युपत्र नव्हते. म्हणजे कायद्याने तिघांना सारखा वाटा. दादांना कन्नडला घर आहे, मला माझा फ्लॅट आहे. बहिणीला त्या दोन खोल्यांखेरीज डोक्यावर दुसरे छप्पर नाही. तिचे नाव कागदावर आले तर ती त्या घराची मालकीण. न आले तर भावांच्या मर्जीने राहणारी बाई. हे मला पहिल्या दिवसापासून स्वच्छ कळत होते. ते नंतर उमगले असते तर निदान तेवढी तरी सबब मला उरली असती.

कचेरीच्या खिडकीपाशी माझा आवाज बसतो. समोरच्याने "काय?" असे दुसऱ्यांदा विचारले की मी "काही नाही" म्हणून मागे फिरतो. त्यामुळे वारसांची सर्व कागदपत्रे घरबसल्या तयार करून देणारी एक ऑनलाइन सेवा मी निवडली. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिच्या पहिल्या पानावर पांढऱ्या फुलाचे चित्र होते आणि त्याखाली 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' असे लिहिले होते. प्रत्येक वेळी पान उघडले की ते फूल उमलायचे. फॉर्म अडकला की मी पान पुन्हा उघडायचो, आणि फूल पुन्हा उमलायचे. तिसऱ्या दिवशी त्या फुलाची मला शिसारी येऊ लागली.

फॉर्मात मयताचा ई-मेल भरणे सक्तीचे होते. माझ्या आईने उभ्या आयुष्यात अंतर्देशीय पत्रसुद्धा स्वतः लिहिले नव्हते. मी माझा ई-मेल भरला. लाल अक्षरांत उत्तर आले की अर्जदाराचा आणि मयताचा ई-मेल एकच असू शकत नाही. शेवटी मी आईच्या नावाने नवा ई-मेल काढला. दहा मिनिटांत त्यावर त्या सेवेचे पत्र आले: आपले स्वागत आहे, आपल्या कुटुंबाच्या सुरक्षित भविष्यासाठी आमच्या इतर योजना पाहा. आईला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. ते पत्र मी पुसून टाकले आणि उठून हात धुतले. हात का धुतले ते सांगता येणार नाही.

यानंतर हिश्शांचा तक्ता आला. प्रत्येक वारसापुढे एक चौकट आणि चौकटीशेजारी टक्क्याचे चिन्ह. मी तिन्ही ठिकाणी ३३.३३ भरले. लाल अक्षरे उमटली: 'एकूण हिस्सा १०० असणे आवश्यक.' बेरीज ९९.९९ होत होती. मी आणखी एक तीन वाढवला. 'दोनपेक्षा अधिक दशांश स्थळे मान्य नाहीत.' मी १/३ लिहिले. 'केवळ अंक भरा.'

एकाला तीनने भागू लागलो तर दशांशात तो भागाकार कधी संपत नाही, हे मी तीस वर्षे मुलांना शिकवले. त्यामुळे त्या लाल अक्षरांकडे पाहून मला राग तर आला नाहीच, उलट आत कुठेतरी बरे वाटले. यंत्राची अडचण मला कळली होती. ती अडचण इतकी जुनी, इतकी निर्विवाद होती की तिच्यावर दुसरा काही उपाय शोधावा असे माझ्या मनातच आले नाही. आज मला त्या समाधानाची जितकी घृणा वाटते तितकी त्या फॉर्माचीही वाटत नाही.

उरलेला शंभरावा अंश मी बहिणीच्या चौकटीत टाकला. ३३.३४. फॉर्म पुढे सरकला आणि त्याने तिघांच्याही मोबाइलवर प्रस्तावित हिस्से पाठवून दिले. पाच मिनिटांत दादांचा फोन.

"तिला जास्त लावलंस व्हय रे?"

"दादा, तो एक टक्कासुद्धा नाही. टक्क्याचा शंभरावा भाग. घराच्या हिशेबात विटेचा तुकडाही होणार नाही."

"मंग तुकडा नाय तर तिला कशाला? थोरला कोण हाय? वडीलकीचं म्हणून काय असतं का नाय?"

मी चौकटी बदलल्या. ३३.३४ दादांना. त्यांनी लगेच मोबाइलवर संमती दिली. वडीलकीचा मान विटेच्या तुकड्याने भागतो हे मला त्या दिवशी समजले. पण आता पुढच्या पानावर नवी लाल ओळ होती: 'वाटप असमान आहे. कारण निवडा.' खाली चार कारणे दिलेली. वारस मयत. वारस बेपत्ता. वारसाने हक्क सोडला. न्यायालयाचा आदेश. भागाकार हे कारण तिथे नव्हते.

मी मदत केंद्राला फोन लावला. एका मुलीचा उत्साही आवाज आला. मी सगळे सांगितले. माझ्या सवयीप्रमाणे गरजेपेक्षा जास्त सांगितले.

"सर, तीन वारस असले की आमच्याकडे हा एरर येतोच," ती म्हणाली. "त्यात एक सिस्टर आहेत ना?"

"हो."

"मग त्यांचं हक्कसोड करून घ्या ना सर. बहुतेक फॅमिली तेच करतात. दोघं भाऊ पन्नास-पन्नास, पटकन सबमिट होतं. ड्राफ्ट आपल्या पॅकेजमध्येच आहे, वेगळं काही द्यायचं नाही."

ड्राफ्ट खरोखरच होता. उघडला तर बहिणीचे नाव, वय, पत्ता सगळे आधीच छापून आलेले, आणि पुढे 'भावांवरील नैसर्गिक प्रेमापोटी व स्वखुशीने' हे शब्द. मी अजून बहिणीला विचारलेही नव्हते. तिचे प्रेम मात्र तयार होते. आणि त्या मुलीला मी काय म्हटले असेल? "थँक यू" म्हटले. दोनदा.

दादांना कळवताच ते दुसऱ्या दिवशी एसटीने आले. बहिणीच्या घरी आम्ही दोघे बसलो. तिने चहा ठेवला, दादांना गुळाचा, मला बिनसाखरेचा, न विचारता. मी खाली पाहत होतो. बोलणे दादांनी केले.

"कॉम्प्युटर घेईना झालाय. तिघं बसंनात त्यात."

"आता गं माय! टमटममधी सुद्दा तिघं बसतात की वो, दादा. अन् वरून डायवरच्या बाजूला एक," ती हसत म्हणाली.

"चेष्टा नको लावू. सही कर अन् मोकळी हो. राहतीस तू हितंच ना? कोण हाकलायलंय तुला? कागदावर नाव असलं काय अन् नसलं काय."

नाव असले काय नि नसले काय, तर असू द्या की दादा, हे उत्तर मला सुचले. पण ते दोन दिवसांनी, मेथी निवडताना.

तिचे हसू ओसरले होते. तिने पदराने कप पुसला, पुन्हा पुसला, आणि दादांना टाळून माझ्याकडे पाहिले.

"भाऊ, तुम्ही गणिताचे. दुसरी काहीच रीत नाय का?"

"नाही," मी म्हणालो.

मी शोधले नव्हते. "माहीत नाही" असे म्हणता आले असते, आणि ते खरे ठरले असते. पण मी "नाही" म्हणालो, वर्गात म्हणत असे तसे, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे. माझ्या त्या एका आवाजावर तिने विश्वास ठेवला. कागदावर सही करताना ती म्हणाली, "मंग राहू द्या. यंत्राला माझंच वझं व्हत असंल तर."

सही केलेला मसुदा स्कॅन करून फॉर्माला जोडायचा होता. नोंदणीसाठी परवाचा नंबर लागला होता. घरी मोबाइलने काढलेला फोटो जोडला तर 'फाइलचा आकार मर्यादेपेक्षा मोठा' अशी तक्रार. म्हणून दादांसह मी शहागंजातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचे, ऑनलाइन अर्ज भरून देण्यात मुरलेले गृहस्थ. गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी फाइल लहान केली, फॉर्म उघडला आणि थांबले.

"सर, तीन नावं तर आधीच भरलेली आहेत. मग हे हक्कसोड कशाला?"

"तीन चालत नाहीत. बेरीज शंभर होत नाही," मी सांगितले, आणि मला आठवते, दशांशाचे ते सगळे त्यांनाही समजावू लागलो.

"इधर देखो, सर."

टक्क्याच्या चिन्हाशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा एक बाण होता. त्यांनी तो दाबला. टक्क्याचे चिन्ह गेले आणि त्या जागी अंश नि छेद अशा दोन चौकटी आल्या. एक आणि तीन. एक आणि तीन. एक आणि तीन. लाल ओळ नाहीशी झाली. खाली हिरवी अक्षरे आली: 'हिस्से जुळले.'

"हो गया," चाचा म्हणाले. "आमच्यात तर याच्याबगैर चालतच नाय. आई, बीवी, पोरं, पोरी, सगळ्यांचे हिस्से तुकड्यातुकड्यांत. बहिणीला भावाच्या निम्मा, पण लिहावा लागतो."

"अन् देतेत का सगळे?" दादांनी विचारले.

"वो मत पूछो, पाटील," चाचा हसले. "लिहावा लागतो, एवढंच बोललो मी."

मी त्या हिरव्या अक्षरांकडे पाहत राहिलो. अडचण संपली होती. खरे तर ती कधी नव्हतीच. माझ्या हातात बहिणीच्या सहीचा कागद होता आणि त्याला आता कसलेही कारण उरले नव्हते.

दादांनी घसा खाकरला. "आता परवाचा नंबर लागलाय. स्टॅम्प आणलाय, तिनं सही बी केलीया. उगं परत कशाला घोळ?"

चाचांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. ते मला विचारत होते. "सर, क्या करूं? तीन ठेवू का दोन?"

इतका सोपा प्रश्न मला परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. दुकानात झेरॉक्स यंत्र चालू होते, मागे एक बाई शाळेचा दाखला घेऊन उभी होती, दादा माझ्या खांद्यापाशी श्वास घेत होते. मी म्हणालो, "दादा म्हणतात तसं करा."

चाचांनी बहिणीची ओळ पुसली. ५०. ५०. हिरवी अक्षरे पुन्हा आली, तितकीच हिरवी.

ठरल्या दिवशी ती नोंदणी कार्यालयात वेळेआधी येऊन बसली होती. लग्नाकार्याला नेसते ती साडी नेसली होती. अंगठा द्यायला आत जाताना तिने पिशवी माझ्याकडे दिली. आतून आवाज आला, "बाई, कॅमेऱ्याकडं बघा. स्वखुशीनं देताय ना?" आणि तिचा आवाज, "व्हय." मी पिशवी धरून उभा होतो. तिच्यात पाण्याची बाटली होती आणि आम्हा दोघांसाठी बांधून आणलेल्या धपाट्यांचा डबा. नंतर बाहेरच्या कट्ट्यावर बसून मी ते धपाटे खाल्ले. चवीने खाल्ले. हे लिहिताना माझ्या तोंडात पाणी नाही, दुसरेच काही येते.

फॉर्माचे, त्या फुलाचे, त्या हसऱ्या आवाजाच्या मुलीचे मी काही दिवस मनातल्या मनात वाभाडे काढले. त्याने थोडा वेळ बरे वाटायचे. पण दोन महिन्यांपूर्वी बहिणीचा फोन आला.

"भाऊ, मोरीतला नळ गळायलाय. बदलू का? दादांना बी इचारू का तुम्ही सांगताल त्यांना?"

अकरा वर्षांत त्या घरातले नळ, दिवे, कड्या, पंखे तिने कुणाला न विचारता बदलले होते. आईच्या अंथरुणाखालची फरशी उखडली तेव्हा गवंडीही तिनेच आणला होता आणि आम्हाला रविवारी दाखवले होते. आता ती नळासाठी परवानगी मागत होती, आणि तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता. मी म्हणालो, "बदल." आणि माझ्या त्या "बदल"मध्ये एक मालकाचा सूर होता, तो मला स्पष्ट ऐकू आला. मी फोन ठेवला आणि बेसिनपाशी जाऊन उभा राहिलो.

घराचा अर्धा भाग आज माझ्या नावावर आहे. तो बक्षीसपत्राने तिच्या नावे करून देता येतो. मी चौकशी केली आहे. कागद थोडे लागतात, दादांची सही लागत नाही, आणि तिथे टक्के भरायची चौकटही नाही. माझी पत्नी नको म्हणालेली नाही. मी तिला अजून विचारलेले नाही, एवढेच. नोंदणी कार्यालय माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चौकशी करून आलो त्याला आज सव्वा महिना झाला.

वाचकहो, मग मी अजून गेलो का नाही?