आईचा सोफा

दाढीला बसलो होतो. समोर टीव्हीवर एका अमेरिकन रॅपरचा कार्यक्रम चालू होता. गरीब वस्तीतलं बालपण गाऊन गाऊनच हा कोट्यधीश झाला. स्टेजवर त्याच्या आईचा जुना, फाटका सोफा मांडलेला. म्हणे प्रत्येक कार्यक्रमाला तो सोबत नेतात.

"खालून वर आलाय माणूस," गालाला फेस लावत दिलीप न्हावी म्हणाला.

आला असेल. पण वर येऊनही विकायला त्याला खालचंच लागतं. इतके अल्बम खपले, गळ्यात हिरे आले, तरी गाण्यातली भूक काही भागत नाही.

तेवढ्यात स्टेजवर एक नोकर धावत आला आणि सोफ्यावर स्वच्छ चादर अंथरून गेला. मग पांढरी पँट सावरत साहेब बसले आणि आईच्या आठवणीने रडले.