बॅकरा, राजमा आणि माझी पद्धत

कॅसिनोला गणिताने हरवता येतं, हे मी निवृत्तीनंतर सिद्ध केलं. फक्त ते घरच्या डायनिंग टेबलवर केलं.

तेहतीस वर्षं मी पुलांची डिझाइन्स करणारा इंजिनियर होतो. (एकही पूल पडलेला नाही. पुढचं वाचण्याआधी हे माहीत असलेलं बरं.) निवृत्त झाल्यावर अमेरिकेतल्या ॲशबर्नच्या घरी व्हिडिओ बघता बघता मला हा पत्त्यांचा खेळ सापडला. ‘प्लेयर’ आणि ‘बँकर’ अशा दोन बाजू. जिच्या पत्त्यांची बेरीज नऊच्या जास्त जवळ जाईल ती जिंकते. आपण फक्त एका बाजूवर पैसे लावायचे.

“काय नाव म्हणालात?” माझ्या बायकोने, सुनंदाने, विचारलं.

“बॅकरा.”

“प्रामाणिक आहेत. आधीच सांगून टाकतात.”

माझी पद्धत सोपी होती. हरलो की पुढच्या डावाला दुप्पट लावायचं. कधीतरी जिंकणारच, आणि जिंकलो की मागचं सगळं भरून निघून वर थोडा फायदा. तीन आठवडे रोज दुपारी सुनंदा पत्ते वाटायची आणि मी राजम्याचे दाणे लावायचो. रोज मीच जिंकायचो. एकदा ओळीने नऊ डाव हरलो. दहाव्याला नवी पिशवी फोडून पाचशे बारा दाणे मोजून लावले आणि जिंकलो. रात्री जेवायला राजमाच होता.

आमची मुलगी रिया विमा कंपनीत याच प्रकारची गणितं करते. तिला मी अभिमानाने फोन केला.

“बाबा, प्रत्येक हँडमध्ये कॅसिनोला थोडा ॲडव्हांटेज असतो,” ती म्हणाली. “निगेटिव्ह नंबर्स कुठल्याही ऑर्डरमध्ये ॲड करा, आन्सर निगेटिव्हच येणार.”

“तू आमची पिशवी पाहिलेली नाहीस,” मी म्हणालो.

मागच्या अंगणातला लाकडी डेक कुजला होता. त्याच्या दुरुस्तीचे चार हजार डॉलर खिशात घालून मी नदीपलीकडच्या एका कॅसिनोत गेलो. सुनंदा बुफेसाठी आली.

‘प्लेयर’वर पंधरा डॉलरपासून सुरुवात केली. तासाभरात एकशे पासष्ट डॉलर वर होतो. मागे उभ्या सुनंदाकडे वळून मी भुवई उडवली. पूल उभा राहिल्यावरही मी कधी असा वागलो नव्हतो.

मग बँकर जिंकायला लागला. पंधरा गेले, तीस गेले, साठ गेले. मी शांत होतो. एकशे वीस, दोनशे चाळीस. कान गरम झाले. चारशे ऐंशी. नऊशे साठ. ओळीने सात डाव हरलो होतो, पण पद्धत शाबूत होती. मी एकोणीसशे वीस पुढे सरकवले.

“सॉरी सर,” पत्ते वाटणारी बाई म्हणाली, “टेबल मॅक्स इज वन थाउजंड.” म्हणजे एका डावाला हजाराच्या वर लावायचे नाहीत.

मी सुपरवायझरला बोलावलं आणि नॅपकिनवर आकडे मांडून दाखवले. त्याने सगळं मन लावून ऐकलं. “ब्यूटिफुल सिस्टिम, सर,” तो म्हणाला आणि मला त्यांचं मेंबरशिप कार्ड करून दिलं.

“घरी असा नियम नव्हता,” मी सुनंदाला म्हणालो.

“घरी वीस पौंडांची पिशवी होती,” ती म्हणाली आणि उरलेले पैसे तिने पर्समध्ये टाकले.

“निदान आठवा डाव बघून तरी जाऊ.”

बघितला. आठवाही बँकरच जिंकला. माझ्या पद्धतीपासून माझे एकोणीसशे वीस डॉलर कॅसिनोच्या नियमाने वाचवले होते.

संध्याकाळी रियाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बुफे कसा होता?”

“तुझ्या आईला आवडला.”

डेक अर्धाच नवा झाला. दिवाळीत त्याच कॅसिनोचं पत्र आलं. शुभेच्छा, एका रात्रीची खोली फुकट, दोघांचं जेवण फुकट, आणि खाली सुपरवायझरच्या हातची ओळ: ‘तुमची सिस्टिम घेऊन जरूर या.’

ज्या कंपनीत तेहतीस वर्षं काढली तिने निरोपाला एक कप दिला. माझ्या डोक्यावर एवढा विश्वास आजवर दुसऱ्या कुणीच दाखवलेला नाही.