नाव शेवटी घेणारे डॉक्टर

आमच्या पंचवटीतल्या दातांच्या डॉक्टरांना बोलायची भारी हौस, आणि त्यांनी धंदा असा निवडला होता की समोरच्याला उत्तरच देता येऊ नये. माणूस खुर्चीत आडवा, तोंड उघडं, गालात कापसाचे बोळे, अर्धी जीभ बधिर. अशा माणसाला ते विचारायचे, "एका देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष शपथ घ्यायला उभा राहिला, तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचे दात किती असतील?" आपण नुसतं "आं" करायचं. "एक," असं म्हणून ते ड्रिल सुरू करायचे. त्या एका दाताचा विचार करेपर्यंत आपली दाढ निम्मी कोरून झालेली असायची.

मी गोडखाऊ. त्यामुळे त्या खुर्चीशी माझी ओळख जुनी आणि घट्ट होती. पहिल्यांदा गेले तेव्हा भीतीनं खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन हातात घेतलं आणि मला तारे मोजणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली. कॉलेजात असताना तलवारीच्या भांडणात त्याचं नाक कापलं गेलं. पुढे जन्मभर तो धातूचं नाक चिकटवून फिरला, आणि दुर्बीण जगात यायच्या आधी, नुसत्या डोळ्यांनी, त्यानं ताऱ्यांच्या जागा इतक्या नेमक्या टिपल्या की ग्रहांच्या वाटांचं कोडं पुढे त्याच नोंदींवरून सुटलं. मी नाकाच्या काळजीत असताना सुई कधी टोचली ते कळलं नाही.

मात्र गोष्टीतल्या माणसाचं नाव ते सांगायचे नाहीत. नाव अगदी शेवटी, चूळ भरायला सांगताना. रूट कॅनालला तीन खेपा असतील तर नाव तिसऱ्या खेपेला. एकदा मी वैतागून म्हटलं, "डॉक्टर, आधी नाव सांगा ना, कुणाबद्दल ऐकतेय ते तरी कळेल." ते हसले. "लग्नात उखाणा ऐकलाय ना? आपल्याकडे आधी नदी, डोंगर, तुळस, सगळं येतं आणि मग नाव. आधीच नाव घेतलं तर उखाणा कसला? ती हजेरी झाली." इतर दवाखान्यांत ठणका थांबला की पेशंट उरलेल्या खेपांना दांडी मारतात. डॉक्टरांचे पेशंट नाव घ्यायला यायचे. मीही इथे नावं सांगत नाहीये, ती त्यांच्याच वळणानं. बहुतेक तुम्हाला ओळखू येतीलच.

एका खेपेला माझ्या दाढेचा एक्स-रे काढताना ते म्हणाले, "हे यंत्र मोटारीत घालून एक बाई लढाईच्या मैदानाकडे न्यायची. स्वतः गाडी चालवत. जखमी पोरांच्या अंगात गोळी कुठे रुतलीय ते शोधायला." मग त्यांनी तिच्या वह्यांचं सांगितलं. तिनं ज्या किरणं फेकणाऱ्या पदार्थाचा शोध लावला तो तिच्या वह्यांत इतका मुरलाय, की त्या आजही शिशाच्या पेटीत ठेवतात. मी बधिर गाल सावरत घरी आले आणि मेथी निवडायला बसले, पण लक्ष लागेना. बाई जाऊन किती वर्षं झाली आणि तिच्या हाताखालचा कागद अजून शांत झालेला नाही. फोन शेजारीच होता. दोन शब्द टाकले असते तर नाव मिळालं असतं. नाही टाकले. आठवडाभर ती बाई माझ्या घरात बिननावाची वावरत राहिली, आणि मला तिची जरा धास्ती वाटायची, जरा अभिमानही.

डॉक्टरांनी एकच गोष्ट शेकडो जणांना सांगितली असेल, पण त्यांचं नवल शिळं व्हायचं नाही. ऐन मोक्याच्या जागी ते स्वतःच थबकायचे. हातातलं अवजार तसंच वर, आणि ते खिडकीतून बाहेर बघतायत. "माणूस होता हो," म्हणायचे. "देव असता तर नवल नव्हतं. तुमच्याआमच्यासारखा माणूस, दाढ दुखली तर रडणारा. हेच मला झेपत नाही." पेशंटचं तोंड उघडंच राहिलंय हे त्यांच्या नंतर ध्यानात यायचं. मग जिन्याकडे मान वळवून मोठ्यानं हाक मारायचे, "मालती, चहा!" दवाखान्याच्या वरच घर होतं. त्यांच्या वयाची माणसं बायकोला असं चारचौघांत नावानं बोलवत नसत. डॉक्टर दिवसातून कितीदा तरी बोलवायचे, आणि मालतीकाकू वरूनच "आले हो" म्हणायच्या.

देवळा गावच्या एका आजींची हकिकत त्यांनी मला एकदा काम संपल्यावर सांगितली. आजी कवळी बसवायला येत. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी त्यांना दक्षिणेतल्या एका गरीब पोराची गोष्ट सांगितली. गणिताचं वेड, पण कागद परवडत नाही म्हणून पाटीवर लिहायचा आणि फडकं शोधण्यात वेळ जातो म्हणून कोपरानं पुसायचा. कोपर काळंठिक्कर पडलेलं. त्याचं गणित समजायला पुढे मोठमोठ्या पंडितांना घाम फुटला. नाव अर्थातच पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला आजी आल्या त्या काखेत कोऱ्या वह्यांचा गठ्ठा घेऊन.

"त्या पोराला द्या," आजी म्हणाल्या. "कोपर सोलवटलं असंल त्याचं. आमच्याकडं कांद्याचा हंगाम चालू हाय, नायतर आधीच येनार व्हते."

नाव नाही म्हटल्यावर आजींना वाटलं होतं, डॉक्टरांचाच कुणी पेशंट असणार, मनमाडकडचा वगैरे. डॉक्टरांनी त्यांना खरं ते सांगितलं, नावासकट. नाव आजींनी कधी ऐकलेलं नव्हतं. तो पोरगा शंभर वर्षांपूर्वी, ऐन तरुणपणी गेला, एवढंच त्यांच्या कानात शिरलं.

"गेला?" त्या म्हणाल्या. "मंग त्याच्या आईचं लय हाल झालं असतील." आणि पदर डोळ्यांना लावला. वह्या त्यांनी परत नेल्या नाहीत. दुसरं कुणी तसं असेल त्याला द्या म्हणाल्या. डॉक्टरांनी त्या शेजारच्या नगरपालिकेच्या शाळेत दिल्या.

"सगळी दुनिया त्याला मोठा म्हणून हात जोडते," डॉक्टर मला म्हणाले. "त्याच्या कोपराची काळजी कुणी केली? मी नाव आधी घेतलं असतं, तर या बाईनंही हातच जोडले असते." त्यानंतर नाव शेवटी घेण्याबद्दल मी कधी कुरकूर केली नाही.

मागच्या वर्षी डॉक्टरांना मेंदूचा झटका आला. जीव वाचला, हातपाय वाचले, बोलणंही हळूहळू परतलं. फक्त नावं गेली. माणसांची, गावांची, वस्तूंची. चमच्याला "ते ढवळायचं" म्हणत. दवाखाना बंद झाला. मी भेटायला वर गेले तेव्हा ते खिडकीशी खाटेवर बसले होते. मला बघून खूष झाले, नाव अर्थात आलं नाही. "डावी, खालची, शेवटून दुसरी," ते म्हणाले, आणि माझी दाढ बरोबर होती.

मग त्यांनी आपणहून गोष्ट काढली. मोटारीतल्या बाईची. रस्ता, चिखल, जखमी पोरं, शिशाची पेटी, काही सुटलं नाही. शेवटी बोट वर केलं, नाव घ्यायला. बोट तसंच राहिलं. मला नाव ठाऊक होतं, जिभेवर होतं. मी ओठ मिटून घेतले. त्यांच्या गोष्टीचं शेवटचं पाऊल मी टाकायचं हे मला जमलं नसतं. बऱ्याच वेळानं त्यांनी बोट खाली घेतलं आणि मान हलवली.

मालतीकाकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "त्या थोरामोठ्यांची नावं नाही आली तरी चालेल," त्या म्हणाल्या. "ती घ्यायला जग आहे. माझं नाव घेणारं आता दुसरं कोण उरलंय? सगळ्यांची मी काकू, आजी, वहिनी. ह्या घरात मालती अशी हाक ऐकून वर्ष होत आलं." आणि मग हळूच सांगितलं, की डॉक्टरांना बोलायला शिकवणारी मुलगी येते, ती म्हणाली, चालीतले शब्द कधीकधी आपोआप येतात. आरती ते न अडखळता म्हणतात. म्हणून काकूंना लग्नातला उखाणा आठवला होता, डॉक्टरांनी तेव्हा स्वतः रचून घेतलेला: द्राक्षांच्या मांडवाला घड किती, पानं किती, मोजता मोजता हरवलो, शेजारी बसली मालती. "आज म्हणवून बघते. एकटीला धीर होत नाही. तुम्ही थांबा जरा."

काकू खाटेवर त्यांच्याजवळ बसल्या. नव्या नवरीसारखा त्यांचा आवाज कापत होता. "द्राक्षांच्या मांडवाला," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "घड किती, पानं किती," त्यांनी धरलं, एका दमात, ठेक्यात. "मोजता मोजता हरवलो, शेजारी बसली..."

मी दाराशी उभी होते. तीन अक्षरांसाठी मी इतकी कासावीस आयुष्यात कधी झाले नसेन. डॉक्टरांचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. काकूंनी काही सुचवलं नाही, नुसत्या बघत राहिल्या. डॉक्टरांनीही त्यांच्याकडे बघितलं, खूप वेळ, आणि मग आपला हात उचलून त्यांच्या हातावर ठेवला.

"शेजारी बसली ही," ते म्हणाले.

काकूंनी डोळे पुसले. "जुळलं की," त्या म्हणाल्या.